सबटायटल्स काढले की कोरियन कळेनासं होतं: पुन्हापुन्हा येणारी तक्रार आणि तिची दुरुस्ती

लक्षणं साधारण अशी. सहा-आठ महिने कोरियन मालिकेचा रोज एक एपिसोड झालेला असतो. हांगुल, म्हणजे कोरियन लिपी, वाचता येतं. ‘क्वेन्छाना’ (ठीक आहे), ‘चिन्च्चा’ (खरंच?), ‘ऑत्तॉखे’ (आता काय करू) कानावर पडलं की अर्थ आपसूक लागतो. मग एका रविवारी इंग्रजी सबटायटल्स बंद करून तोच कार्यक्रम पाहिला, तर दहातली दोन वाक्यं हाती लागतात. बातम्या लावल्या तर तीही नाहीत. माणूस वैतागून नवीन अ‍ॅप घेतो, नवीन मालिका धरतो, दोन महिन्यांनी पुन्हा तिथेच येऊन थांबतो.

यावर ‘अजून शब्द पाठ करा’ हा सल्ला सगळे देतात. बहुतेक वेळा तो चुकीच्या दुखण्यावरचं औषध ठरतो. बिघाड तीनपैकी एका जागी असतो: कान, वाक्याची रचना किंवा शब्दसाठा. तिघांची दुरुस्ती वेगळी आहे, म्हणून आधी जागा शोधा.

तपासणी: ३० सेकंद, एक कागद

बातमीपत्रातला ३० सेकंदांचा तुकडा घ्या, ज्याचा मजकूर लेखी मिळेल असा. केबीएस या कोरियन सार्वजनिक वाहिनीच्या न्यूज संकेतस्थळावर बातमीच्या व्हिडिओखाली निवेदक काय म्हणाला आणि वार्ताहर काय म्हणाला ते छापलेलं असतं, त्यामुळे शोधाशोध लागत नाही. फक्त निवेदकाची सुरुवातीची दोन-तीन वाक्यं घ्या. रस्त्यावरच्या माणसाची प्रतिक्रिया नको. तिथे बोली, वारा आणि गाड्यांचे आवाज सगळं एकत्र येतं.

मजकूर न पाहता तीनदा ऐका आणि कळेल ते लिहा. मग मजकूर उघडून वाचा. आता तीन शक्यता. वाचताना कळलं, ऐकताना कळलं नव्हतं: कानाचा दोष. एकेक शब्द ओळखीचा आहे पण वाक्याचा अर्थ लागत नाही: रचनेचा दोष. दहा शब्दांत तीन-चार अनोळखी: शब्दांचा दोष, आणि तुकडाही तुमच्या पायरीच्या वरचा. हेच मालिकेच्या ३० सेकंदांवर करा. दोन्हींचे निकाल सहसा वेगवेगळे येतात, आणि त्यात नवल नाही.

कानाचा दोष: हा तर संधी आहे

घरी शिकणाऱ्यांत हा दोष सर्वांत जास्त आढळतो, आणि मराठी माणसाला तो सर्वांत लवकर दुरुस्त करता येतो, कारण त्याची किल्ली शाळेच्या व्याकरणात मिळालेली असते. कोरियन लिहिली जाते एक आणि बोलली जाते दुसरी, असं वाटतं. खरं तर अक्षरं शेजारी आली की बदलतात, आणि बदलतात ती व्यंजनसंधीच्या नियमांनी.

वाक् + मय = वाङ्मय. आता कोरियन पाहा: कुक + मिन, म्हणजे नागरिक, उच्चार कुङ्मिन. क् पुढे म आला, क् चा ङ् झाला. जगत् + नाथ = जगन्नाथ; तसंच म्यॉत + म्यॉङ (किती जण) = म्यॉन्म्यॉङ. बातमीच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी येणारं ‘-म्नीदा’ लिहिताना ‘-प्नीदा’ असतं, तोच नियम. मालिकेत दर दोन एपिसोडला कुणीतरी विचारतंच, ‘पाम्मॉगॉस्सॉ?’ म्हणजे ‘जेवलास का?’ यातला ‘पाम्’ कोशात शोधलात तर भात सापडणार नाही. तो ‘पाप’ आहे. पुढच्या ‘मॉ’मुळे प् चा म् झाला.

वाक् + ईश = वागीश. हानगुक म्हणजे कोरिया, त्याला ‘ऑ’ लागून भाषा झाली की हानगुगॉ. तत् + लीन = तल्लीन, त्याच चालीवर यॉन + राक (संपर्क) = यॉल्लाक. ‘यॉल्लाक हेयो’ म्हणजे ‘संपर्क करा’. कोशात मात्र ते ‘यॉन’खाली बसलेलं असतं.

पुढचे बहुतेक नियम आपल्याकडे नाहीत, ते वेगळे शिकावे लागतात. ङ्, म्, क्, प् यांच्यानंतर आलेला र हा न होतो: तेथोङ + र्यॉङ (राष्ट्राध्यक्ष) = तेथोङ्न्यॉङ. क्, प् आधी असतील तर तेही सोबत बदलतात: तोक + रिप (स्वातंत्र्य) = तोङ्निप, ह्यॉप + र्यॉक (सहकार्य) = ह्यॉम्न्यॉक. हा शेवटचा शब्द परराष्ट्राच्या बातम्यांत रोज येतो, आणि लेखी रूप पाठ असलेल्याला तो रोज नवीन वाटतो. ह शेजारी आला की महाप्राण होतो: छुक + हा (अभिनंदन) = छुखा, इप + हाक (शाळाप्रवेश) = इफाक. दोन स्वरांमध्ये ह जवळजवळ गायब होतो. काथ + ई (सोबत) = काछी. कधी मध्येच न उगवतो: मुसुन + इल (काय झालं) = मुसुन्निल, आणि १६ म्हणजे शिप + युक = शिम्न्युक. आकडे अडतात त्यातला निम्मा त्रास या एका शब्दाच्या जातीचा असतो. काही शब्दांत मधलं व्यंजन घट्ट होतं: ‘मुल’ आणि ‘का’ मिळून झालेला मुल्क्का, म्हणजे बाजारभाव. महागाईच्या बातमीचा तो पहिला शब्द.

दुरुस्तीची कृती अशी. दहा सेकंदांचा तुकडा घ्या. वहीत पहिल्या ओळीत कानाला आलं तसं हांगुलमध्ये लिहा, दुसऱ्या ओळीत खरं लेखन. जिथे फरक आहे तिथे गोल करा आणि बाजूला नियम लिहा: ‘वाङ्मय’, ‘वागीश’, ‘तल्लीन’, ‘र चा न’, ‘ह’. रोज एक तुकडा, १५ मिनिटं, दोन आठवडे. गोल पुन्हापुन्हा त्याच चार-पाच नियमांवर पडताना दिसतील. शंका आली तर कोशात पाहा. कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेच्या प्रमाण कोशात, आणि नेव्हर या कोरियन संकेतस्थळाच्या कोशातही, उच्चार लेखनापेक्षा वेगळा असेल तर तो शब्दापुढे चौकटी कंसात दिलेला असतो. तो कंस बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

वहीत देवनागरी वापरू नका. इथे सोयीसाठी वापरली आहे, पण देवनागरी क आणि ग वेगळे ठरवते आणि कोरियनमध्ये ते एकाच अक्षराचे दोन चेहरे आहेत. देवनागरीत हानगुक आणि हानगुगॉ हे दोन निराळे शब्द दिसतात. हांगुलमध्ये मूळ अक्षर जसंच्या तसं राहतं. मूळ अक्षरं १४ व्यंजनं आणि १० स्वर, जोडअक्षरं धरून एकूण ४०. राजा सेजोंगने १४४६ साली ही लिपी जाहीर केली ती सामान्य माणसाला लवकर यावी म्हणूनच. एका आठवड्यात बसते.

दोन छोट्या गोष्टी कानाच्याच. एक, शब्दाच्या शेवटी येणारे क्, त्, प् कोरियन माणूस तोंडातच अडवतो, सोडत नाही. आपण ‘पाप’ म्हणताना शेवटच्या प ला ओठ उघडतो. त्यांचे ओठ मिटलेलेच राहतात. ते व्यंजन ऐकू येत नाही अशी तक्रार असते, पण ऐकायची असते ती स्वराची तुटलेली शेपटी. दोन, त-थ-त्त हा तिपेडी भेद. ‘ताल’ चंद्र, ‘थाल’ मुखवटा, ‘त्ताल’ मुलगी. आपला नेहमीचा ‘त’ त्यांच्या ‘त्त’च्या जवळ जातो, म्हणून चंद्र म्हणायला गेलो की मुलगी होते. आजच्या सोलच्या बोलीत साध्या ‘त’च्या सुरुवातीलाही हवा सुटते, फरक राहतो सुराचा. साध्याचा सूर खाली सुरू होतो, बाकी दोघांचा वर. हवा ऐकण्यापेक्षा सूर ऐका, पटकन सुटतं.

आणि एका चुकीवर वेळ घालवू नका. ‘ए’चे दोन स्वर लिहायला वेगळे आहेत, पण आज बहुतेकांच्या तोंडी एकसारखेच येतात. श्रुतलेखनात तिथे चुकलात तर कान निर्दोष आहे, फक्त लेखन पाठ करायचं आहे.

रचनेचा दोष: इंग्रजी मधून काढा

कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येतं. इंग्रजी सबटायटल ते आधी सांगून टाकतं. कान अजून ‘उद्या पहाटेपर्यंत’पाशी असतो आणि डोळ्यांना निकाल कळलेला असतो. मग कान कशाला कष्ट घेईल? वर्षभर असं पाहिलं तर वर्षभर इंग्रजी वाचन झालं, एवढंच.

एक वाक्य जवळून पाहू. पावसाळ्यात अशा धर्तीचं वाक्य हमखास येतं. ऐकू येतं ते असं:

किसाङ्छॉङुन नेइल सेब्यॉक्काजी सुदोक्क्वॉने छ्वेगो पेङ्मिल्लीमिथॉए पीगा नेरिल्क्कॉसुरो येबोहेस्सुम्नीदा.

तोडून मांडलं तर: किसाङ्छॉङ-उन, हवामान खात्याने. नेइल, उद्या. सेब्यॉक-क्काजी, पहाटे-पर्यंत. सुदोक्क्वॉन-ए, राजधानी परिसरात. छ्वेगो पेक मिल्लीमिथॉ-ए, जास्तीत जास्त १०० मिलिमीटर-चा. पी-गा, पाऊस. नेरिल कॉसुरो, पडणार असल्याचा. येबोहेस्सुम्नीदा, अंदाज वर्तवला.

‘हवामान खात्याने उद्या पहाटेपर्यंत राजधानी परिसरात जास्तीत जास्त १०० मिलिमीटरचा पाऊस पडणार असल्याचा अंदाज वर्तवला.’ एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. ‘-क्काजी’ला ‘-पर्यंत’, ‘-ए’ला ‘-त’, दोन्ही भाषांत शेपटीला. याच वाक्यात पेक + मिल्ली चं पेङ्मिल्ली झालंय, तेही जाता जाता पाहून ठेवा. सुदोक्क्वॉन म्हणजे सोल, इंचॉन आणि ग्यॉंगीदो प्रांत. आपण ‘मुंबई महानगर प्रदेश’ म्हणतो त्यातला प्रकार.

मराठीची दुसरी देणगी म्हणजे नामाआधी येणारी धातुसाधितं. ऑजे ओन साराम, काल आलेला माणूस. नेइल ओल साराम, उद्या येणारा माणूस. चिगुम ओनुन साराम, आत्ता येत असलेला माणूस. बातमीत माणसाआधी आठ-दहा शब्दांची अशी शेपटी लागते आणि इंग्रजीतून शिकणारा तिथे गळपटतो. ‘-लेला, -णारा, -त असलेला’ डोक्यात ठेवून ऐका. आणि ‘-देयो’ तर सरळ आपलं ‘म्हणे’: नेइल पी ओन्देयो, उद्या पाऊस आहे म्हणे.

कृती: इंग्रजी सबटायटल्स बंद, कोरियन सुरू. न कळलेल्या वाक्याचा अर्थ मराठीत लिहा, त्याच क्रमाने, कितीही ओबडधोबड वाटला तरी. पापागो या भाषांतराच्या अ‍ॅपला विचारायचं तर त्यात हिंदी आहे. इंग्रजीपेक्षा हिंदीत विचारलेलं बरं, निदान क्रियापद तरी शेवटी राहतं.

मालिका कळते, बातमी कळत नाही

आकाशवाणीचं मराठी बातमीपत्र आणि घरातली मराठी यांत जेवढं अंतर, तेवढंच इथे. बातमीत संस्कृत तत्सम शब्द येतात, तसे तिथे चिनी मुळाचे. कोशातले निम्म्याहून जास्त शब्द त्या घराण्याचे आहेत. ते सुटे पाठ करू नका, घराण्याने घ्या. ‘छुल’ म्हणजे बाहेर, ‘इप’ म्हणजे आत. छुल्गु बाहेर जायचा दरवाजा, इप्क्कु आत यायचा. छुल्गुक देश सोडणं, इप्क्कुक देशात येणं. सुछुल निर्यात, सुइप आयात. ‘निर्-’ आणि ‘आ-’ शिकल्यावर निर्यात-आयात, निर्गमन-आगमन एका फटक्यात येतात, तसंच. ‘कुक’ देश, ‘ह्वे’ सभा, म्हणून कुख्वे संसद. एका घराण्यातले पाच शब्द एका कार्डावर. मात्र डोळे मिटून भरवसा ठेवू नका: एकाच आवाजाची मुळं अनेक असतात. ‘सागो’ म्हणजे अपघात, आणि दुसऱ्या मुळातून आलेला ‘सागो’ म्हणजे विचार.

शब्दांहून आधी वाक्यांच्या शेपट्या पाठ करा, कारण त्या मोजक्या आहेत आणि प्रत्येक बातमीत येतात. ‘-गो बाल्ख्यॉस्सुम्नीदा’, असं स्पष्ट केलं. ‘कॉसुरो आल्ल्यॉजॉस्सुम्नीदा’, असल्याचं कळतं. ‘कॉसुरो पोइम्नीदा’, असं दिसतं. ‘-ए त्तारुम्यॉन’, -च्या म्हणण्यानुसार (ही एक मात्र वाक्याच्या सुरुवातीकडे येते). ‘-ल पाङ्छिमिम्नीदा’, करण्याचं धोरण आहे. ‘-ल चॉन्माङिम्नीदा’, होईल असा अंदाज. या सहा कानात बसल्या की वाक्याचा शेवटचा दीड सेकंद फुकट मिळतो आणि तेवढ्यात मेंदू मागचं जुळवतो. बातमीत ‘किम मो शी’ आलं तर ते पूर्ण नाव नव्हे. ‘किम आडनावाची एक व्यक्ती’. गुन्ह्याच्या बातमीत नाव झाकायची ही पद्धत आहे.

सुरुवात कशाने करावी? हवामानाने. शब्द थोडे, रोज तेच, नकाशा समोर. मुंबईकराला तर पावसाळी बातम्या परक्या वाटायचं कारणच नाही. चाङ्मा, म्हणजे त्यांचा पावसाळा, साधारण जूनच्या शेवटापासून जुलैच्या शेवटापर्यंत. छिम्सु, पाणी तुंबणं. सान्साथे, दरड कोसळणं. तेफी, सुरक्षित जागी हलणं. चियॉन, गाडीला उशीर. उन्हेङ चुङ्दान, सेवा बंद. हिंदमातापाशी पाणी भरल्याची बातमी मराठीत ऐकून त्याच दिवशी सोलची ऐकली तर निम्मे शब्द ओळखून काढता येतात. आपल्याकडे पिवळा-नारिंगी-लाल इशारा, तिथे दोन पायऱ्या: होउजुइबो, ३ तासांत ६० किंवा १२ तासांत ११० मिलिमीटर पावसाचा अंदाज असेल तेव्हा, होउग्यॉङ्बो, ३ तासांत ९० किंवा १२ तासांत १८० असेल तेव्हा. हे आकडे आधीच माहीत असले की कान त्यांची वाट पाहतो.

हवामान सरावलं की बाजारभाव, मग वाहतूक. राजकारण शेवटी ठेवा. तिथे भाषेपेक्षा संदर्भ जास्त अडवतो.

आकडा आला की गाडी घसरते

कारण बहुतेक जण ‘मान’ ऐकून दहा हजार करतात, त्याचं इंग्रजीत मिलियन करतात, मग लाख. मधलं स्टेशन गाळा. मान म्हणजे १० हजार, शिम्मान १ लाख, पेङ्मान १० लाख, छॉन्मान १ कोटी. ‘ऑक’ म्हणजे १० कोटी, पेगॉक १ हजार कोटी, आणि ‘चो’ म्हणजे १ लाख कोटी, नेमका. सरकारी अर्थसंकल्पाचे आकडे तिथे चो मध्ये आणि इथे लाख कोटीत, म्हणजे बदल काहीच करायचा नाही. हा तक्ता कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवा, महिन्याने काढा.

बाकी सापळे पटापट: आकडे दोन जातींचे, देशी आणि चिनी मुळाचे. तास देशी आकड्यांत, मिनिटं चिनी आकड्यांत. जून ‘युवॉल’, ‘युगॉल’ नव्हे, ऑक्टोबर ‘शिवॉल’. वय मालिकेत ‘साल’ लावून देशी आकड्यांत, बातमीत ‘से’ लावून चिनी आकड्यांत. जुन्या मालिकेत पात्राचं वय आपल्या हिशेबापेक्षा एक-दोन वर्षं जास्त निघालं तर ऐकण्यात चूक नाही. जन्मताच एक वर्ष मोजायची जुनी रीत होती, २८ जून २०२३ पासून कायद्याने बहुतेक ठिकाणी आपल्यासारखंच वय धरतात.

मालिकेतून शिकलेलं बोलायला गेलं की उद्धट वाटतं

मालिकेतली माणसं एकमेकांशी जवळिकीत बोलतात, भांडतात, प्रेमात पडतात. म्हणून कानात बसतं ते सगळं ‘तू’च्या पातळीचं, त्यांचं पान्माल. ‘नॉ’ म्हणजे तू. मग शिकणारा पुस्तकात ‘तुम्ही’ शोधतो आणि ‘ताङ्शिन’ सापडतं. ते अनोळखी माणसाला वापरू नका. नवरा-बायकोत चालतं, नाहीतर रस्त्यावरच्या भांडणात. आपल्याकडे ‘तुम्ही’ कुठेही निभावतं, तसं बिनधोक सर्वनाम कोरियनमध्ये नाही. तिथे हुद्दा किंवा नातं वापरतात, रिक्षावाल्याला ‘दादा’ आणि भाजीवालीला ‘मावशी’ म्हणतो त्या चालीवर. ‘शी’ लावायचं ते पूर्ण नावाला किंवा पहिल्या नावाला. नुसत्या आडनावाला लावलं तर माणूस दुखावतो.

दुरुस्ती सोपी आहे. ऐकलेलं प्रत्येक वाक्य वहीत उतरवताना कोण कुणाला बोललं ते बाणाने लिहा: सासू → सून, कारकून → साहेब. मग तेच वाक्य ‘-यो’ ही आदराची शेपटी लावून पुन्हा लिहा. बोलताना महिनाभर फक्त दुसरं रूप.

मालिका निवडतानाच चूक झाली असेल तर वरचं काहीच चालत नाही. राजवाड्यातल्या ऐतिहासिक मालिकेची भाषा म्हणजे आपल्याकडचं ‘आज्ञा महाराज’. पाहायला झकास, शिकायला निरुपयोगी. हॉस्पिटल आणि कोर्टाच्या मालिकांत निम्मे शब्द धंद्याचे. शनिवार-रविवारच्या कौटुंबिक मालिका घ्या, सुमारे ५० भागांच्या, किंवा रोज संध्याकाळच्या अर्ध्या तासाच्या, ज्यांचे शंभरावर भाग असतात. एकच घर, एकच जेवणाचं टेबल, तीच नाती, तेच टोमणे. मराठी मालिका पाहणाऱ्याला कथानक समजायला सबटायटल्स लागतच नाहीत, हा त्यांचा मोठाच गुण. १६ भागांच्या गाजलेल्या मालिका चौदाव्या एपिसोडपर्यंत तुम्हाला त्यांचे शब्द शिकवतात आणि संपतात.

बोलीतली आखूड रूपंही इथेच बसतात: कुरॉन्दे चं ‘कुन्दे’ (पण), नानुन चं ‘नान’ (मी), आणि ‘-गो’चं ‘-गु’, ‘-दो’चं ‘-दु’. पुस्तकात शोधलीत तर मिळणार नाहीत.

यंत्रातले किरकोळ दोष

हिंदी डबिंग आपोआप सुरू होत असेल तर ऑडिओत जाऊन मूळ कोरियन निवडा. नेटफ्लिक्सवर कोरियन सबटायटल्स यादीत दिसत नसतील तर एक वेगळं प्रोफाइल काढून त्याची भाषा कोरियन ठेवा. संगणकावर क्रोममध्ये लँग्वेज रिअ‍ॅक्टर हे एक्स्टेन्शन टाकलं तर वाक्यागणिक मागे-पुढे जाता येतं. यूट्यूबवर वेग ०.७५ पर्यंतच उतरवा, ०.५ला संधी विस्कटून ऐकू येतो आणि आपण नेमकी तीच गोष्ट शिकतोय. यूट्यूबचे स्वयंचलित कोरियन सबटायटल्स नावं आणि आकडे चुकवतात, त्यांच्यावरून श्रुतलेखन तपासू नका. फोनमध्ये कोरियन कीबोर्ड आजच चालू करा. शब्द टाइप करता येत नाही म्हणून न शोधलेले शब्द फार असतात.

वेळ आणि जागा

सोल आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. केबीएसचं रात्री ९चं बातमीपत्र मुंबईत संध्याकाळी ५.३०ला, एसबीएसचं ८चं ४.३०ला. ऑफिसात असाल तर रेकॉर्डिंग पाहा, थेट पाहण्यात विशेष काही नाही. संध्याकाळी सातनंतर घरातला टीव्ही आपला नसतो हे गृहीत धरून नवा तुकडा सकाळी ऐका, शांत खोलीत, इअरफोन लावून.

लोकलमध्ये नवा तुकडा कधीच नको. डब्याच्या खडखडाटात शब्दाच्या शेवटचं अडवलेलं व्यंजन ऐकूच येत नाही, आणि कानाला ते नसण्याची सवय लागते. गाडीत फक्त सकाळी सोडवलेला तुकडा ऐका, डाउनलोड करून, कारण स्टेशनांमध्ये नेटवर्क जातं. डोंबिवली ते सीएसएमटी एका फेरीत ३० सेकंदांचा तुकडा वीस-पंचवीसदा सहज होतो, तोही मध्ये झोपेची एक डुलकी काढून. ओठ हलवत सोबत म्हणा. गर्दीत कुणी पाहत नाही, पाहिलं तरी जप समजतील.

तरीही दर तीन महिन्यांनी घसरत असेल

तर दोनपैकी एक घडतंय. मालिका बदलली की शब्दांचं घराणं बदलतं आणि वाटतं सगळं विसरलो. कौटुंबिक मालिकेवरून पोलिसांच्या मालिकेवर गेलात तर पहिले तीन-चार भाग अंधारात जाणारच. तो बिघाड नाही. दुसरं, कार्डांचा ढीग. अँकी या उजळणीच्या अ‍ॅपमध्ये रोज २५-३० नवी कार्डं टाकली की महिन्याभरात उजळणीच दीडशे-दोनशेवर जाते, मग दोन दिवस चुकतात, मग अ‍ॅप उघडवत नाही. रोज ८ ते १० नवी, त्याहून जास्त नाही. कार्डाच्या पुढच्या बाजूला लेखी शब्द ठेवू नका. तुकड्यातला आवाज ठेवा, मागे लेखन आणि मराठी अर्थ. आठदा चुकलेल्या कार्डावर अँकी स्वतःच खूण करतं; ते बाजूला काढा. त्याला परत आणू नका. तो शब्द दुसऱ्या वाक्यात भेटला की नवं कार्ड करा. ढीग आधीच साचला असेल तर सगळी जुनी कार्डं थांबवून या आठवड्यातल्या तुकड्यांपासून सुरुवात करा. जे महत्त्वाचे शब्द आहेत ते बातमीतच पुन्हा येतील.

तपासणीचा पहिला कागद फेकू नका. चार आठवड्यांनी तोच तुकडा नव्हे, त्याच विषयाचा नवा तुकडा घेऊन तीच चाचणी करा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. गोल कमी होऊन अनोळखी शब्द वाढलेले दिसले तर कानाचं काम झालंय. वहीतल्या दोन ओळी बंद करून तो पाव तास आता शब्दांच्या घराण्यांना द्या.